कुलूप त्यांचे, किल्ली त्यांची, चूक मात्र आमची

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन फसवणुकीची बातमी आपल्या दैनिकात आता जवळपास रोज असते आणि तिच्या शेवटी एक आवाहनही ठरलेले असते: नागरिकांनी सावध राहावे, ओटीपी कोणालाही सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये. हे आवाहन योग्यच आहे. परंतु ज्यांच्या ताब्यात आपली सगळी माहिती असते आणि ती सांभाळण्याची हमी ज्यांनी लेखी दिलेली असते, त्या कंपन्यांनी काय करायला हवे होते, हे त्या बातमीत कधी वाचायला मिळत नाही. त्याविषयी सविस्तर लिहावे असे गेले दोन महिने मनात होते. पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर कायद्याची कलमे आणि तारखा तेवढ्या राहू द्याव्यात, ही विनंती.

मी ३१ वर्षे संगणक विभागात नोकरी केली. त्यातली शेवटची १८ वर्षे बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग अँड फॉरवर्डिंग फर्ममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांचा माल बंदरातून सोडवून देणाऱ्या कंपनीत, गेली. आता निवृत्त आहे आणि मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीचा चिटणीस आहे. त्यामुळे कोणाच्या मोबाइलवर काही संशयास्पद आले की ते दाखवायला लोक माझ्याकडे येतात. दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. वय ७८, बेस्टमधून निवृत्त झालेले, हिशेबाला अत्यंत चोख. हातात पासबुक आणि वहीचे एक फाडलेले पान होते. दारातच म्हणाले, "अहो, त्याला माझ्या पॉलिसीचा नंबर तोंडपाठ होता हो." पुढचा अर्धा तास तेच वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा येत होते.

काकू गेल्यानंतर पॉलिसीवर नॉमिनी म्हणून मुलीचे नाव लावण्याचा अर्ज काकांनी तीनच आठवड्यांपूर्वी विमा कंपनीकडे दिला होता. फोन करणाऱ्याला पॉलिसीचा क्रमांक ठाऊक होता, शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला किती भरला ते ठाऊक होते, काकूंचे आणि मुलीचे नाव ठाऊक होते, आणि तो अर्जही ठाऊक होता. अर्ज मंजूर झाला आहे, बँकेचे खाते पॉलिसीला जोडून खात्री करून घ्यायची आहे, असे सांगून त्याने ओटीपी विचारला. ज्या माणसाला आपल्या घरातले इतके माहीत आहे तो विमा कंपनीचाच असणार, असे काकांना वाटले. मला स्वतःला तरी त्या वेळी निराळे काय वाटले असते, याचे प्रामाणिक उत्तर मला अजून सापडलेले नाही. तीन व्यवहारांत एक लाख ८४ हजार रुपये गेले. १९३० या हेल्पलाइनवर आम्ही फोन लावला तेव्हा दोन तास उलटून गेले होते; त्यातले २१ हजार पुढच्या एका खात्यात गोठवता आले, बाकीचे तोवर कोठच्या कोठे गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी काकांबरोबर बँकेत गेलो. अधिकारी सौजन्याने वागले, पाणी विचारले, आणि म्हणाले, "काका, ओटीपी कोणाला सांगू नका, असा मेसेज आम्ही दर महिन्याला पाठवतो." तक्रारीच्या अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांनी 'ग्राहकाने ओटीपी दिला' असे लिहिले आणि काकांची सही घेतली. विमा कंपनीच्या कस्टमर केअरला मी एवढेच विचारले की, नॉमिनी बदलाचा हा अर्ज त्या तीन आठवड्यांत तुमच्याकडच्या कोणी कोणी उघडून पाहिला याची नोंद तपासाल का? "आमची सिस्टिम पूर्णपणे सुरक्षित आहे," असे उत्तर दोनदा मिळाले. तोच प्रश्न लेखी पाठवला, त्याची पोचही आलेली नाही. ती माहिती कंपनीतूनच फुटली असे मी सिद्ध करू शकत नाही. पण ज्या नोंदींवरून ते सिद्ध होईल किंवा खोडले जाईल त्या कंपनीकडे आहेत आणि त्या पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नाही, एवढे खात्रीने सांगू शकतो.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक या संदर्भात महत्त्वाचे आहे आणि बहुतेक ग्राहकांना ते माहीत नसते. ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर काहीही जबाबदारी नाही. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तर यंत्रणेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तरीही त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला ती १० हजार रुपयांपुरती मर्यादित राहते. कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आहे, ९० दिवसांत तक्रार निकालात काढायची आहे, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. हे परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचे आहे, यात शंका नाही. परंतु त्यातच असेही म्हटले आहे की, ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने ओटीपीसारखा तपशील दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. या एका वाक्याच्या आधारावर काकांसारख्यांची प्रकरणे पहिल्याच दिवशी बंद होतात. काकांनी ओटीपी का दिला, तो देण्याइतका विश्वास कोणाकडून फुटलेल्या माहितीमुळे बसला, हा प्रश्न विचारण्यासाठी त्या अर्जावर रकानाच नाही.

न्यायालयांनी मात्र हा प्रश्न विचारलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एका कंपनीचे ७६ लाख ९० हजार रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश बँकेला दिला. त्या प्रकरणात खातेदाराला न कळता पैसे घेणारी नवी खाती जोडली गेली होती, सायबर पोलिसांच्या तपासात खातेदाराचा निष्काळजीपणा आढळला नव्हता, आणि न्यायालयाने याच २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटी उच्च न्यायालयाचा असाच निकाल कायम ठेवून स्टेट बँकेला एका ग्राहकाच्या ९४ हजारांच्या नुकसानीसाठी जबाबदार धरले. त्या ग्राहकाने ऑनलाइन घेतलेला कपडा परत पाठवला होता, आणि विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून फुटलेल्या माहितीच्या जोरावर चोर 'कस्टमर केअर' होऊन त्याच्याशी बोलला होता. म्हणजे गळती एकीकडे आणि चोरी दुसरीकडे, ही साखळी देशातल्या सर्वोच्च न्यायालयासमोर येऊन गेली आहे. पण उच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतके आयुष्य, पैसा आणि धीर ७८ वर्षांच्या माणसाने आणायचा कोठून?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जो सायबर हल्ला झाला तो आपल्या वाचकांना आठवत असेल. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून आणि परदेशी बँकांना पैसे पाठवण्याच्या स्विफ्ट यंत्रणेतून मिळून सुमारे ९४ कोटी रुपये काही तासांच्या व्यवहारांत लुटले गेले. त्या वेळी विशेष तपास पथक नेमले गेले, वेगवेगळ्या शहरांतून माणसे पकडली गेली, २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयात ११ जणांना शिक्षाही झाली. हे सगळे योग्यच झाले. बँकेचा पैसा गेला तेव्हा त्याला सर्वांनी हल्ला म्हटले. तोच पैसा खातेदाराचा असला की हल्ला हा शब्द कोणी वापरत नाही, निष्काळजीपणा हा शब्द येतो. गुन्हा तोच, गुन्हेगारही पुष्कळदा त्याच प्रकारचे, आणि तरीही सोसणारा कोण आहे यावरून त्याचे नाव बदलते. मला या साऱ्यात सर्वांत जास्त हेच खटकते.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येतो. गेल्या वर्षी रक्ततपासणी करून आलो आणि संध्याकाळी प्रयोगशाळेकडून एसएमएसवर रिपोर्टची लिंक आली. मोबाइलचा पडदा लहान, म्हणून ती लिंक बघून बघून संगणकावर टाइप केली, तेव्हा शेवटचा आकडा चुकला. पडद्यावर रिपोर्ट उघडला तो माझा नव्हता. भांडुपच्या एका बाईंचे नाव, वय, मोबाइल क्रमांक, तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि थायरॉइडचे आकडे माझ्यासमोर होते. पासवर्ड विचारला गेला नाही, ओटीपी विचारला गेला नाही. मी ते पान तत्काळ बंद केले. आयुष्यभर या क्षेत्रात काम केल्यामुळे पुढचे लक्षात यायला वेळ लागला नाही: आकडा एकाने वाढवत गेले की पुढचा रिपोर्ट, कमी करत गेले की मागचा. हे करायला हॅकर असण्याची गरज नाही. शाळेतल्या मुलाला अंक मोजता येतात तेवढे पुरेसे आहे. एड्सची चाचणी, गरोदरपणाची चाचणी, कर्करोगाची बायोप्सी, सगळे त्याच रांगेत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ही गोष्ट त्या प्रयोगशाळेच्या कानावर घालण्याचा माझा प्रयत्न सुरू झाला. त्यांच्या संकेतस्थळावर घरी येऊन रक्त घेण्यासाठी क्रमांक होता, पॅकेजच्या सवलतींसाठी होता, शाखा काढण्यासाठीही होता. सुरक्षेतली उणीव कळवण्यासाठी एक ईमेलचा पत्ताही नव्हता. कस्टमर केअरच्या मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, म्हणजे तुमचा रिपोर्ट डाउनलोड होत नाहीये का?" तिचा दोष नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावर तक्रारीचे जे प्रकार दिलेले असतील त्यांत हा प्रकार नव्हता. मी ईमेल पाठवली, त्या ईमेलला तक्रार क्रमांक मिळाला, आणि दोन दिवसांनी 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा संदेश आला. लिंक तशीच उघडी होती. मग जवळच्या शाखेत गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी आधी माझे नाव, पत्ता आणि 'तुम्ही दुसऱ्याचा रिपोर्ट का उघडलात' हे विचारले. त्या प्रश्नाने मी घाबरलो, हे कबूल करतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकयंत्रणेत शिरणे चुकीचे ठरवते आणि अप्रामाणिक हेतूने तसे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. माझा हेतू स्वच्छ होता, पण तो सिद्ध करत पोलिस ठाण्याच्या पायऱ्या चढायची वेळ आली असती तर? अखेर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेला, जिच्याकडे अशा उणिवा कळवण्याची सोय आहे, सगळा तपशील पाठवला. पहिल्या दिवसापासून मोजून ४७ व्या दिवशी ती लिंक मोबाइल क्रमांक आणि ओटीपी विचारू लागली.

दुरुस्ती झाली याचा मला आनंद आहे. पण भांडुपच्या त्या बाईंना कोणी काही कळवले का? त्या ४७ दिवसांत, आणि त्याआधी न जाणो किती महिने, कोणाकोणाचे रिपोर्ट कोणी उतरवून घेतले, याचा शोध घेतला का? माझ्या हाती त्या प्रयोगशाळेकडून आजतागायत एक ओळ आलेली नाही. संकेतस्थळावर security.txt नावाची एक छोटी मजकूर-फाइल ठेवून उणीव कोणाला कळवायची हे सांगण्याची पद्धत २०२२ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाली आहे. ती तयार करायला दहा मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. जी कंपनी एवढेही करत नाही तिला खर्च परवडत नव्हता, असे म्हणता येणार नाही. तिच्या मनात हा विषयच नव्हता, असे म्हणावे लागेल.

हा विषय मनात नसणे म्हणजे काय, ते मी आतूनही पाहिले आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर उणिवेवरचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, १४ मार्च २०१७ रोजी दिला होता. १२ मे रोजी त्याच उणिवेतून वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला. आमच्या फर्ममध्ये तोवर ६० संगणकांपैकी निम्म्यांवरही तो पॅच नव्हता. मी मालकांकडे एका शनिवारी सगळी यंत्रे बंद ठेवण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "चालतंय ना सगळं? मग चालत्या गाडीला हात कशाला लावायचा? महिनाअखेर होऊ दे, बिल ऑफ एंट्रीचा ढीग पडलाय." बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालाचे कस्टमचे कागद. मी ते लेखी मागितले नाही, वाद घातला नाही, महिनाअखेरीची वाट पाहिली, मग पुढच्या महिनाअखेरीची. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला आणि पॅच नसलेली यंत्रे व यंत्रांच्या स्मृतीत सापडणारे पासवर्ड या दोन वाटांनी जगभर धावला. मर्स्क या जगातल्या अग्रगण्य जहाज कंपनीचे कामकाज कोलमडले आणि तिच्याच समूहाकडे असलेले न्हावा शेवा बंदरातले टर्मिनलही त्यात सापडले. मर्स्कला सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले आणि कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले.

आमची यंत्रे केवळ नशिबाने वाचली. त्या रात्री मी आणि माझा एक सहकारी बॅलार्ड इस्टेटच्या त्या जुन्या इमारतीत पहाटे चारपर्यंत एकेका संगणकाची नेटवर्क केबल काढून पॅच लावत बसलो होतो. मार्चमध्ये जे काम एका शनिवारच्या दुपारी झाले असते, ते आम्ही भीतीने एका रात्रीत केले. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांच्या मनात हिशेब असा होता की, यंत्रे बंद ठेवली तर नुकसान आज, माझे आणि नक्की आहे. हल्ला झाला तर ते उद्या, कदाचित, आणि बरेचसे गिऱ्हाइकांचे. ज्या देशात हा हिशेब बरोबर ठरतो त्या देशात बहुतेक कंपन्या तोच करणार. म्हणून हा प्रश्न कंपन्यांच्या सद्‌बुद्धीवर सोडून चालणार नाही. हिशेबच बदलला पाहिजे.

मोठ्या कंपन्या तरी निराळे वागतात, असा कोणाचा समज असेल तर अमेरिकेतल्या इक्विफॅक्सचे प्रकरण पाहावे. लोकांच्या कर्जफेडीची माहिती साठवणे हाच या कंपनीचा धंदा. मार्च २०१७ च्या पहिल्या आठवड्यात अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली उणीव आणि तिच्यावरचा पॅच दोन्ही जाहीर झाले. कंपनीत अंतर्गत ईमेलही गेली की ४८ तासांत पॅच लावा. तो एका जुन्या तक्रार-पोर्टलवर लागला नाही, आणि लागला की नाही हे पाहिलेही गेले नाही. मेच्या मध्यास चोर आत शिरले. बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारे एक यंत्र कंपनीत होते, पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपलेली असल्यामुळे ते काहीच पाहू शकत नव्हते. जुलैअखेर कोणीतरी प्रमाणपत्राचे नूतनीकरण केले आणि त्याच क्षणी चोरी दिसू लागली. लोकांना ते ७ सप्टेंबरला सांगितले गेले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. अमेरिकी संसदेसमोर माजी प्रमुखाने पॅचचा निरोप पुढे न पोहोचवणाऱ्या एका कर्मचाऱ्याकडे बोट दाखवले. संसदीय समितीने मात्र डिसेंबर २०१८ च्या अहवालात ही चोरी पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती, असा निष्कर्ष काढला.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. बिल गेट्स यांनी जानेवारी २००२ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सांगितले होते की, नवी सोय आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. त्याचा परिणाम झाला, विंडोज खरोखर सुधारले. पण अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा पुनरावलोकन मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये, आदल्या वर्षी सरकारी अधिकाऱ्यांच्या ईमेल चोरीला गेल्या त्या प्रकरणावर अहवाल दिला, तेव्हा त्याच कंपनीची सुरक्षेबाबतची संस्कृती अपुरी असल्याचे आणि ती घटना टाळता आली असती, असे स्पष्ट लिहिले. यातून मला एवढेच दिसते की, सुरक्षेची शिस्त एकदा लागली म्हणजे कायमची लागली असे होत नाही; बाहेरून कोणी विचारणारा नसला की ती सैल पडते.

मग आपल्याकडे विचारणारा कोण आहे? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्या संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. हे सरकारला कळवणे झाले. ज्याची माहिती गेली त्या माणसाला कळवणे हा निराळा विषय आहे. २०१६ मध्ये एटीएम चालवणाऱ्या एका सेवा-कंपनीच्या यंत्रणेत व्हायरस शिरला आणि सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली, तेव्हा व्हायरस उन्हाळ्यात आणि बातमी ऑक्टोबरमध्ये, असा प्रकार झाला. एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती सिटा या सेवा-कंपनीकडून गेली, ते विमान कंपनीला फेब्रुवारी २०२१ मध्ये कळले आणि गळतीची व्याप्ती प्रवाशांना मे महिन्यात समजली. दरम्यानच्या काळात ज्याने पासवर्ड बदलला असता, कार्ड बंद केले असते, अनोळखी फोनकडे संशयाने पाहिले असते, त्याला ती संधीच मिळाली नाही. सावध राहा असे सांगायचे आणि कशापासून ते सांगायचे नाही, याला सावधगिरीचे आवाहन म्हणता येत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने यातल्या काही गोष्टी सुधारल्या आहेत. वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला विलंब न लावता कळवावे लागेल आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. त्याहून गंभीर बाब पुढेच आहे. दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जाईल. ज्याचे नुकसान झाले त्याला त्यातला एक रुपयाही मिळणार नाही. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३अ, ज्याखाली निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागण्याचा हक्क नागरिकाला दिला गेला, ते वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकाला १० हजार रुपयांपर्यंत दंडाची सोय मात्र केलेली आहे. खोट्या तक्रारी होऊ नयेत हे मान्य. पण जिथे पुरावा संपूर्णपणे कंपनीच्या सर्व्हरवर असतो, तिथे खऱ्या तक्रारदाराच्याही मनात या दंडाची धास्ती बसेल, हे कायदा करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे होते.

हिशेब बदलता येतो, याचे उदाहरण ब्रिटनने घालून दिले आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून स्वतःच्या हाताने पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकालासुद्धा ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते, आणि तो भार पैसे पाठवणारी बँक आणि पैसे स्वीकारणारी बँक निम्मानिम्मा उचलतात. यातला दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. काकांचे पैसे ज्या खात्यांत गेले ती खाती कोणत्या तरी बँकेने कोणाचे तरी कागद पाहून उघडली होती. चोरांना भाड्याने दिलेल्या अशा खात्यांशिवाय ही चोरी शक्यच नाही. तरीही आपल्या व्यवस्थेत त्या बँकेला कोणी काही विचारत नाही. ज्या दिवशी अशा प्रत्येक खात्यामागे तिला पदरचे पैसे मोजावे लागतील, त्या दिवशी ती खाती कशी ओळखायची हे तिला शिकवावे लागणार नाही.

भरपाई मिळू लागली तर ग्राहक बेफिकीर होतील, असा आक्षेप घेतला जातो. दोन महिने झाले, काकांनी त्या दिवसापासून घरातला फोन उचलणे सोडले आहे. मुलीने फोन केला तरी आधी तिला माझ्या फोनवरून खात्री करून द्यावी लागते. आयुष्याची पुंजी गेल्याची लाज माणसाला आत किती खोल लागते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हा आक्षेप पटणार नाही. बेफिकिरीची भीती वाटायचीच असेल तर ती ज्यांचे काहीच जात नाही त्यांच्याविषयी वाटावी.

भरपाईचा हक्क कायद्यात असलाच पाहिजे, माहिती कोणाकडून फुटली हे तपासल्याशिवाय 'ग्राहकाची चूक' असा शेरा मारता येऊ नये, आणि प्रामाणिकपणे उणीव दाखवून देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे, या माझ्या मागण्या सरकार आणि रिझर्व्ह बँकेकडे आहेत. आपल्या दैनिकाकडे निराळी विनंती आहे. फसवणुकीची पुढची बातमी छापताना आपल्या वार्ताहरांनी संबंधित बँकेला आणि कंपनीला विचारावे की, चोराला ग्राहकाची ही माहिती कोठून मिळाली याचा तपास आपण केला का, ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता आहे त्या इतर ग्राहकांना कळवले का, आणि पैसे ज्या खात्यात गेले ते कोणी उघडले. उत्तर मिळाले नाही तर 'कंपनीने उत्तर दिले नाही' एवढी ओळ कंपनीच्या नावासह छापावी.

काकांच्या तक्रारीला आज ६३ वा दिवस आहे. परिपत्रकातली ९० दिवसांची मुदत कोणत्या तारखेला संपते ते त्यांनी वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई